एक शब्द उरला होता

वडील रेवदंड्याला वारले तेव्हा मी बहारीनमध्ये मआमीरजवळच्या कारखान्यात शिफ्टवर होतो. आमच्या बेने इस्राएल लोकांत दफन लांबवत नाहीत. लीव्ह मिळून विमान पकडेपर्यंत सगळं आटोपलं असतं. थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "आता नको येऊस. तिथेच कद्दीश म्हण." कद्दीश ही मुलाने आईबापासाठी म्हणायची प्रार्थना, पण त्यासाठी दहा ज्यू पुरुष जमावे लागतात. बहारीनमध्ये दहा आणू कुठून? बापाला मातीही देता आली नाही, आणि आता हेही नाही. मी देवावर चक्क रुसलो होतो.

मनामाच्या बाजारातलं सिनेगॉग एक वृद्ध बहारीनी गृहस्थ सांभाळतात. त्यांचे आजोबा बगदादहून आलेले. पुढे बहुतेक ज्यू बहारीन सोडून गेले, प्रार्थना थांबली, दाराला कुलूप लागलं. तरी मागे राहिलेल्या मूठभर कुटुंबांनी जागा राखली आणि दिवस पालटल्यावर दार पुन्हा उघडलं. त्यांच्या तोंडून हे ऐकताना माझा रुसवा मलाच पोरकट वाटला.

त्यांनी माझ्यासाठी घरोघरी फोन फिरवले. शुक्रवारी सकाळी माणसं जमू लागली तशी मी बोटांवर मोजायला लागलो.

"गिनो मत, बेटा," ते म्हणाले.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, हे दुःखात विसरलोच होतो. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. त्यातला एकेक शब्द ते एकेका माणसाकडे बघून म्हणत गेले. शेवटचा शब्द उरला. बराच वेळ वाट पाहिली. कोकणातल्या आमच्या घरांत अडचणीला एलियाहू नबीला हाक मारतात. मी डोळे मिटून म्हटलं, "माझ्याने होत नाही. तुम्हीच बघा."

तेवढ्यात एक उंच अमेरिकन खलाशी आत डोकावला. बाजारात भटकताना दार उघडं दिसलं, म्हणून नुसता बघायला आलेला. ज्यू आहेस का विचारल्यावर ओशाळून मान डोलावली. म्हणाला, प्रार्थना विसरलोय.

"आमेन येतं ना? खलास," वृद्ध इंग्रजीत म्हणाले, आणि उरलेला शब्द त्याच्याकडे बघून उच्चारला.

मी कद्दीश म्हटली. सगळ्यांबरोबर खलाशीही आमेन म्हणाला. संपल्यावर तो खलाशी जवळ आला. त्याच्या शहरातलं सिनेगॉग माणसं पांगल्यामुळे बंद झालं होतं. त्याचे वडील वारले तेव्हा तिथे दहाजण जमले नव्हते.

"मी आता म्हणू का?" त्याने हळूच विचारलं. "माझ्याबरोबर म्हणाल?"

मी त्याच्या शेजारी उभा राहून एकेक शब्द सांगत गेलो, तो म्हणत गेला. त्याला माझ्यासाठी पाठवलंय असं मी समजत होतो. मला इथे त्याच्यासाठी थांबवलं होतं, हे तेव्हा उमगलं, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच मी देवाचे आभार मानले.