पाच वाजताचा कोळश्या

जीवरामच्या हातातली तार विजेच्या तारेवर पडली तेव्हा फैजपूरच्या अर्ध्या गावात टीव्ही चालू होता, आणि तो चालूच राहिला. केबलचं मशीन त्याच्या घराच्या माळ्यावर होतं. मालक गल्लीत पडला तरी मशीनला त्याचं काय? पंच्याण्णव सालच्या भादव्यातली ही गोष्ट.

त्याची बायको सुनंदाबाई रडली नाही. भेटायला येणाऱ्या बाया तिला गळ्याशी धरून हुंदके द्यायच्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जणू मयत त्यांच्याच घरी झालंय. तेरावं झाल्यावर ती उठली, माळ्यावर गेली आणि जीवरामच्या खुर्चीत बसली. कोणतं बटण कशाचं, हे तिला पाहून पाहून ठाऊक होतं. खांबांवर चढायचं काम नथ्थू करायचा. तो जीवरामच्याच बरोबरीचा, पहिल्यापासून धंद्यात सोबत असलेला.

गेला त्याच आठवड्यात जीवरामनं एक नवं चॅनल लावलं होतं. त्यावर रोज संध्याकाळी पाच वाजता एक कार्टून लागायचं. अचाट ताकदीचा माणूस, इमारतींवरून उडणारा, बुडत्याला वाचवणारा. पण असलं कार्टून गावानं कधी पाहिलं नव्हतं. सगळं काळंकरडं, चुलीतल्या कोळशानं भिंतीवर काढावं तसं. रेघा एका जागी थांबायच्याच नाहीत, सारख्या थरथरायच्या. माणसांना नाक आणि हनुवटी असायची. बाकीचा चेहरा काढायचाच राहून गेल्यासारखा. नाव इंग्रजी होतं, ते कोणाच्या तोंडात बसेना. गावानं त्याला ‘कोळश्या’ म्हणायला सुरुवात केली.

आणि गावानं ठरवूनच टाकलं की केबल बिघडली. जीवराम गेला अन् चित्राचा रंगही घेऊन गेला, असं कोणीतरी पानटपरीवर म्हटलं, ते सगळीकडे झालं. रोज कोणी ना कोणी जिन्याखाली येऊन उभं राहायचं.

“वहिनी, कोळश्याचं तोंड दिसत नाही वो! वायर हलवा जरा.”

“चित्रच तसं हाये,” सुनंदाबाई वरूनच सांगायची.

शाळेतले चित्रकलेचे सर मात्र कार्टूनवर खूश होते. हातानं काढलेली रेघ कळते, असं ते म्हणत. शेजारच्या कुंदाबाईचं मत उलट होतं. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी असलं भुतासारखं काळं घरात कायले, असं ती तोंडावर बोलून गेली. सुनंदाबाईनं दोघांनाही ‘हो’ म्हटलं. तिला दोन्ही पटलं नव्हतं आणि खोटंही वाटलं नव्हतं. हल्ली तिला भाजीत मीठ आहे की नाही तेसुद्धा सांगता आलं नसतं.

मग एक दिवस जेठ आला, जीवरामचा मोठा भाऊ. वना त्याचं नाव, बोलायला सरळ.

“लोकं नाराज हायेत, सुनंदा. ते चॅनल काढून टाक. त्याच्या जागी पिक्चर लाव.”

“राहू द्या, भाऊ.”

“कावून? तुले आवडतं का?”

“त्यांनी लावलंय. राहू द्या.”

वना जिना उतरून गेला. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

दिवाळीनंतर उखर्डूनानांचा निरोप आला. केळीचे मोठे बागायतदार, गावात शब्दाला वजन. त्यांच्या घरी चित्राला मुंग्या येत होत्या, आणि नथ्थू त्या दिवशी बोदवडला सासुरवाडीला गेलेला. सुनंदाबाईनं पदर खोचला, पेचकस घेतला आणि निघाली. नानांचं घर त्याच गल्लीत होतं, जिथे जीवराम पडला होता.

ती शिडीवरून छतावर चढली. खाली नाना “जपून, सुनंदाबाई, जपून” म्हणत शिडी धरून उभे. वायरीचा जोड सुटत आला होता. त्यावर जीवरामनं निळी टेप गुंडाळलेली, नेहमीसारखी तिरपी. समोर विजेची तार होती. तिनं तारेकडे पाहिलं, खाली गल्लीकडे पाहिलं. आता काहीतरी होईल म्हणून थोडी थांबलीसुद्धा. काही झालं नाही. तिनं जोड घट्ट केला आणि उतरली.

घरात नानांची आई, शेवंताबाई, टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती. पाच वाजून गेले होते. मुंग्या गेल्या आणि कोळश्या दिसला, तसाच काळा, तसाच थरथरता.

“पाहा, रंग नाहीच आला,” नाना म्हणाले.

“तू चूप बैस,” म्हातारी म्हणाली. “मी रोज पाह्यते याले. तो थंडीनं कापतो बिचारा. सगळ्याइले वाचवतो अन् याच्या अंगावर कोनी गोधडी टाकत नाही.” मग तिनं सुनंदाबाईकडे मान वळवली. “तुले कसा वाटतो वो?”

“मले काहीच नाही वाटत, अक्का.”

नाना दुसरीकडे पाहू लागले. शेवंताबाईनं मात्र हातानं सतरंजी थोपटली.

“बरं. नाही तर नाही. बैस अन् पाह्य.”

सुनंदाबाई बसली. कोळश्या शहरावरून उडत गेला, कुठल्याशा पुलावर उतरला, त्यानं एका बाईला पाण्यातून काढलं. त्यानंतर ती बऱ्याचदा पाचच्या सुमारास तिकडे जाऊ लागली. मशीनपाशी तेवढा वेळ नथ्थू बसायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर कोळश्या लागायचा बंद झाला. त्याच वेळेला साबणाच्या जाहिराती आणि कसलंसं नाचगाणं सुरू झालं. आणि मग गंमत झाली. जे रंगासाठी भांडत होते तेच जिन्याखाली येऊन विचारू लागले, “वहिनी, कोळश्या कुठी गेला?” कुंदाबाईसुद्धा आली. नथ्थूनं डिश फिरवून पाहिली, सुनंदाबाईनं एकेक चॅनल धुंडाळलं. सापडला नाही.

तिनं जाऊन शेवंताबाईला सांगितलं.

“सुटला बिचारा,” म्हातारी म्हणाली. “आता जेवून जाय.”

नानांच्या सुनेनं भरताचं ताट वाढलं, कळण्याची भाकरी, वर हिरवी मिरची. सुनंदाबाईनं पहिला घास घेतला, चावला आणि थांबली. डोळ्यांतून पाणी आलं.

“काय झालं वो?” सून घाबरली.

“तिखट हाये,” सुनंदाबाई म्हणाली. आणि दुसरा घास घेतला.