हुकाचे नेढे

अरविंद सबनीस गेल्या महिन्यात पुण्यात वारला. वेळ सकाळची, कारण हृदयविकार. शारजात मला त्याच्या मुलीचा, केतकीचा फोन आला. "अंकल, बाबा गेले," ती म्हणाली. एरवी ती माझ्याशी इंग्रजीत बोलते.

नव्वदच्या दशकात आम्ही शारजातल्या अल मजाज वस्तीत एकाच इमारतीत राहत होतो. मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो, अरविंद औद्योगिक क्षेत्रातल्या स्टील फॅब्रिकेशन कंपनीत ड्राफ्ट्समन. कंपनीतला एक अमेरिकन इंजिनिअर मासेमारीसाठी कृत्रिम माशा बांधायचा. हुकावर दोरा, पीस, केस गुंडाळून किडा करायचा आणि मासा त्याला खरा समजून झेप घ्यायचा. त्याच्या गावच्या तळ्यांत बास नावाचे मोठे मासे होते, तळहाताएवढे पॅनफिश होते. मायदेशी परतताना तो टेबलाला लावायचा, हुक घट्ट पकडणारा छोटा वाइस अरविंदला देऊन गेला. अरविंदने बास कधी पाहिला नाही. त्याच्या माशा उम्म अल क्वैनच्या खाडीत पडत आणि लागलेला मासा तो पुन्हा पाण्यात सोडी, कारण त्याच्या बायकोच्या, सुनंदाच्या स्वयंपाकघरात मासा चालत नव्हता. सामान मात्र तिच्याच घरातले. जुन्या शालूची जर, शिवणाचा दोरा आणि देवघरातल्या मोरपिसाचे तंतू. "भाऊजी, ह्यांना सांगा काही. कृष्ण बोडका केला माझा," ती म्हणे. "अगं, लोकांचे नवरे माशा मारत बसतात," अरविंद म्हणे, "तुझा निदान बांधतो तरी."

या छंदामागे भीती होती, हे मला उशिरा कळले. अरविंदचे वडील काचबिंदूने आंधळे झाले होते, तेही पन्नाशीच्या आत. त्यामुळे ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन तो सर्वांत बारीक हुक वाइसमध्ये लावी, डासाएवढी माशी बांधी आणि शेवटी नायलॉनची दोरी हुकाच्या नेढ्यातून ओवी. ती पहिल्या झटक्यात ओवली गेली की मोठ्याने सांगे, "गेली." स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणे, "बरं." एखाद्या दिवशी "गेली" यायला उशीर झाला, तर आतली भांडी वाजायची थांबत... डॉक्टरकडे जा, असे मी सुचवले. तो म्हणाला, "आणि कंपनीच्या क्लिनिकमध्ये काचबिंदू लिहून घेऊ? आंधळा ड्राफ्ट्समन कोण ठेवतो? नोकरी खलास, व्हिसा खलास. केतकीची दहावी कुठे करू? दोरी जातेय ना? मग झालं."

एका शुक्रवारी आम्ही तिघे खाडीवरून परतत होतो. अरविंद गाडी चालवत होता, मी शेजारी, केतकी मागे. उजेड पुरेसा होता. औद्योगिक क्षेत्राच्या रस्त्यावर उजवीकडून सिमेंटचा ट्रक आमच्या लेनमध्ये येत होता. मला वाटले, अरविंद वेग कमी करील. त्याने केला नाही. "बाबा, ट्रक! ऑन युअर राइट!" केतकी ओरडली. ब्रेक लागला तेव्हा ट्रकचे चाक माझ्या काचेला जवळजवळ टेकले होते. पठाण ड्रायव्हर खिडकीतून वाकून ओरडला, "अंधा है क्या, भाई?" अरविंदचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. नंतर त्याने किल्ली मला दिली.

घरी आल्यावर तो हातपाय न धुताच टेबलाशी बसला. सर्वांत बारीक हुक, चष्मा, दिवा. आम्ही तिघे त्याच्याभोवती उभे राहिलो. दोरी पहिल्या झटक्यात गेली. "गेली! बघा, गेली," तो म्हणाला. सुनंदाने "बरं" म्हटले आणि ती रडू लागली. मलाही हायसे वाटले. केतकी तेवढी तिथेच उभी राहिली. "बट बाबा," ती म्हणाली, "यू डिडन्ट सी द ट्रक."

पुढच्या आठवड्यात आम्ही दुबईतल्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाल्यावर अरविंदने खिशातली डबी काढून त्यांना माशा दाखवल्या, दोरीचे सांगितले. डॉक्टरांनी एक माशी चिमटीत धरून पाहिली. ते म्हणाले, "हा आजार नजर कडेकडेने खात आत येतो. हे नेढं तुम्हाला अगदी शेवटी दिसेनासं होईल." दोन्ही बाजूंची बरीच नजर तोवर गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येते, असे त्यांनी सांगितले. परतताना अरविंदने एकच विचारले, "म्हणजे इतकी वर्षं मी रोज काय तपासत होतो रे?"

कंपनीला त्याने कळवले नाही. गाडी पुन्हा चालवली नाही. केतकीची दहावी आणि मग बारावी शारजातच झाली, त्यानंतर ते कुटुंब पुण्याला परतले. तिथेही तो माशा बांधत होता. टेबलावर बाजूला ठेवलेली कात्री त्याला हाताने चाचपून शोधावी लागे, असे सुनंदाने मला फोनवर सांगितले होते. संध्याकाळी "गेली" म्हणणे त्याने सोडले होते.

नेत्रदानाचा अर्ज त्याने स्वतःच भरला होता. नेत्रपेढीची माणसे घरी आली तेव्हा केतकीने विचारले, काचबिंदू असलेले डोळे चालतात का. आजार मागच्या नसेचा आहे, पुढचे बुबुळ स्वच्छ असले तर चालते, असे त्यांनी सांगितले. दोन्ही बुबुळे दोन रुग्णांना बसवल्याचे नेत्रपेढीने गेल्या आठवड्यात सुनंदाला कळवले.