साडेसहाची होडी

बावन्न वर्षांची एक बाई रोज संध्याकाळी कामावरून येते, चपला काढते, पंखा लावते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरल्या होडीत जाऊन सात मिनिटं गप्प उभी राहते, असं सांगितलं तर तुम्ही तिला काय म्हणाल? रिकामटेकडी? म्हणा. म्हणणारे तुम्ही पहिले नाही. तिच्या पोटच्या लेकीनंही म्हणून झालंय. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग जीभ चालवा.

बाई कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचा साचा येतो. त्यात प्लास्टर ओतायचं, प्लास्टरच्या हिरड्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा. मग मेण उकळत्या पाण्यानं काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं, शिजवायचं, घासायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. एका दुकानावरची लांबट खोली, तीन टेबलं, प्लास्टरनं कायम तुंबणारं एक बेसिन. खोलीत माणसंही तीनच: ही, पॉलिशवाला आणि मालक. मालक तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, पण तेही तिला ताईच म्हणतात.

तिचं काम कसं, ते एका प्रसंगावरून कळेल. एक निवृत्त मास्तर जुनी कवळी रुमालात गुंडाळून थेट जिना चढून वर आले. त्यांचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. खरा होता तेव्हाही तसाच, जुन्या कवळीतही तसाच. नव्या कवळीतही तो तसाच हवा होता.

पॉलिशवाला मशीन थांबवून म्हणाला, "अहो मास्तर, आयते सरळ दात मिळतायत. जरा देखणे व्हा की या वयात!"

"देखणा होऊन कुठं जाऊ? आरशात दुसराच कोणी बघायला लागला तर त्याला चहा विचारू का?"

ताईनं मास्तरांना खिडकीपाशी बसवलं, हसायला लावलं, जुनी कवळी उजेडात फिरवून पाहिली आणि तो दात होता तसा वाकडा बसवला. मालक म्हणाले, "ताई, डॉक्टर म्हणतील काम चुकलं." ती म्हणाली, "तोंड त्यांचं आहे." विषय संपला. एक दात हलवायचा तरी ती आधी माणसाला विचारते. हे लक्षात ठेवा.

आता खेळ.

सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. लेक तेव्हा शाळेत. बाई घरी आली की भिंतीसमोर बसायची. तिचा भाऊ, चार वर्षांनी धाकटा, एका रविवारी आला आणि तिच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून गेला. राक्षस, डोंगर, मंतरलेली जंगलं, आणि जगभरची माणसं एकाच वेळी त्यात हिंडतायत.

"यात करायचं काय?"

"काही नाही. हिंड. भिंतीपेक्षा बरं दिसतं."

स्वतः धाकटा शर्टात वारा शिरला तर उडेल असा. खेळात मात्र त्यानं कपाटाएवढ्या छातीचा गडी घेतला होता, दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड आणि नाव कुऱ्हाड्या. हिनं झाडपाला गोळा करणारी म्हातारी घेतली, नाव झाडपाली. तो म्हणाला, "अगं, इथं तरी तरुण हो!" ती म्हणाली, "म्हातारीला कोणी कामं सांगत नाही."

त्या खेळात एक मोठं तळं होतं. सगळी जुनी गावं या तीरावर, अर्धं जग त्या तीरावर, आणि मधे एकच होडी. पंधरा मिनिटांनी एकदा सुटायची, पलीकडे पोचायला सात मिनिटं. त्या सात मिनिटांत ना राक्षस, ना लढाई. आणि मध्यावर धुकं यायचं, तेव्हा होडीच्या टोकावरचा दिवा हमखास विझायचा. खेळाचा नियमच तसा. होडीतल्या पेटीत कोणी तेलाची कुपी ठेवली असेल तर दुसऱ्या कोणी ती घेऊन दिवा लावायचा, नाहीतर सगळ्यांनी काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. तेल झाडपालेवाल्यांनाच करता यायचं, एका निळ्या गवतापासून. दिवा लावणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. ज्यानं कोणी हा नियम केला त्याला माणसांची थोडी समज असावी. तो बहुतेक नोकरी सोडून गेला.

भाऊ पुढे दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. मग रोज साडेसहाच्या होडीत दोघं भेटायची. ती पेटीत कुपी ठेवायची, तो दिवा लावायचा, आणि सात मिनिटं टाइप करत गप्पा. लेकीचे मार्क, वडिलांचं पथ्य, पॉलिशवाल्याचं तिसऱ्यांदा मोडलेलं लग्न.

नऊ वर्षांपूर्वी वडील दवाखान्यात गेले. ती रोज त्याला फोन करायची. तो म्हणायचा, सुट्टी टाकलीये, शनिवारी निघतो. वडिलांनी शनिवारची वाट पाहिली नाही. त्यांची कवळी तिनंच केलेली होती. नर्सनं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिली. त्या पिशवीसकट ती दवाखान्याच्या जिन्यात उभी राहिली आणि भावाला फोनवर म्हणाली, "आता यायचे कष्ट घेऊ नकोस."

तरी तो आला. बॅग घेऊन खाली रस्त्यावर उभा राहिला, बेल वाजवली, पुन्हा वाजवली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. दोन तास तो समोरच्या फुटपाथवर उभा होता. हिनं दार उघडलं नाही. मग तो गेला.

महिन्याभरानं ती खेळात गेली. साडेसहाची होडी. कुऱ्हाड्या टोकाशी उभा. ही मागच्या फळीवर. कोणी अक्षरही टाइप केलं नाही. धुकं आलं, दिवा विझला. काळ्या पडद्यासमोर तिनं थोडा वेळ हात मांडीवर ठेवले. मग पेटीत कुपी ठेवली. दिवा लागला.

दुसऱ्या दिवशीही तसंच.

नऊ वर्षं, वाचक! आजारपणं सोडली, वीज गेली ते दिवस सोडले, तर रोज. ती कुपी ठेवणार, तो दिवा लावणार. पलीकडे उतरल्यावर तो डावीकडे, ती उजवीकडे. एक शब्द नाही. मागच्या वर्षी तो अकरा दिवस दिसला नाही. बाराव्या दिवशी दिसला, तेव्हा तिनं पेटीत दोन कुप्या ठेवल्या. त्यानं एकच घेतली.

आणि मग कंपनीनं खेळ सुधारला.

मोठी जाहिरात केली. "तुमचा वेळ मोलाचा आहे." होडी काढून टाकली. त्या जागी एक चकचकीत दगडी दार. पाय टाकला की पलीकडे, डोळ्याचं पातं लवायच्या आत. दिवे आता आपोआप जळतात. तेल रद्द. जिच्याकडे दोनशे बारा कुप्या भरून ठेवलेल्या होत्या, तिच्या सामानात आता छातीवर लावायची एक चांदणी आहे आणि खाली लिहिलंय, 'आभारी आहोत'. शिवाय खेळाची सहा वेगवेगळी जगं चालायची, ती एकात ओतली. एकाच नावाची माणसं ढिगानं झाली, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे आकडे चिकटवले. ओळखीच्यांच्या याद्या पुसल्या. म्हातारी झोपेतून उठली ती 'झाडपाली ४१७' होऊन. नाव शोधायच्या चौकटीत तिनं कुऱ्हाड्या लिहिलं. त्रेसष्ट कुऱ्हाडे निघाले. सगळ्यांचे चेहरे नव्यानं घासूनपुसून एकसारखे तुकतुकीत केलेले.

खेळणाऱ्यांनी बोंबाबोंब केली, नाही असं नाही. चर्चेच्या पानांवर शिव्यांचा पाऊस. "सोळा वर्षं दिली या खेळाला!" "उद्यापासून पाऊल टाकणार नाही!" दुसऱ्या दिवशी तेच सगळे दारासमोर रांगेत, नव्या तलवारी घेऊन. असल्या बंडखोरांना बंड म्हणजे काय ते एकदा बसवून शिकवायला हवं.

ताईनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं एक पत्र लिहिलं. "होडी परत ठेवा. दार असू द्या. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी होडी ठेवा." उत्तर चार सेकंदांत आलं. तुमचं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. सोबत दार कसं वापरावं याची चित्रं.

तिनं चित्रं बघितली. सगळी बघितली. मग कॉम्प्युटर बंद करून भांडी घासली.

कामावर पॉलिशवाल्यानं विचारलं, "ताई, बरं नाही का? सकाळपासून तीच कवळी हातात आहे."

"बरी आहे."

"काही झालंय का?"

"काही नाही झालं." आणि खरंच, तिला आत काही होत नव्हतं. दात बधिर करायची सुई टोचल्यावर गाल असतो ना, तशी ती होती. आपलाच गाल, पण हात लावला तर दुसऱ्याचा.

लेक आता नोकरी करते, रविवारी येते. तिला सगळं त्या रविवारी कळलं. नऊ वर्षं आई काय करत होती, हे तिला माहीतच नव्हतं; रिकामटेकडी खेळत बसते, एवढंच वाटायचं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"आई, मावशीआजीकडे मामाचा नवा नंबर असेल. घे आणि लाव फोन. एका मिनिटाचं काम."

"लावून काय बोलू?"

"काहीही. कसा आहेस विचार."

"त्यानं विचारलं, दार का नाही उघडलंस, तर?"

लेक पडद्याकडे बघायला लागली.

"होडीत बोलावं लागायचं नाही," ताई म्हणाली. आवाजात चढ नाही, उतार नाही. वाणसामानाची यादी वाचावी तशी. "तो आहे एवढं कळायचं. त्यालाही कळायचं."

"मग मी लावते मामाला."

"तू लावलास तर तो तुझ्याशी बोलेल. माझ्याशी नाही."

लेकीला राग आला. आईचा राग, मामाचा राग, खेळाचा राग. "दोघं सारखी आहात, हट्टी!" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

सुधारणेनंतर चौथ्या दिवशी ताईला एक गोष्ट दिसली. निळं गवत अजून उगवत होतं. त्याचा आता काही उपयोग नाही, त्यातून काही बनत नाही, पण काढायचं राहून गेलेलं. जुना धक्काही तसाच होता. टोकाला होडी बांधायची लोखंडी कडी. दार मागच्या चौकात, त्यामुळे धक्क्यावर कोणी फिरकत नाही.

तिनं गवत तोडलं, जुडी बांधली आणि साडेसहाला कडीजवळ ठेवली.

खेळात जमिनीवर ठेवलेली वस्तू वीस मिनिटांनी नाहीशी होते. ती वीस मिनिटं बघत बसली. जुडी नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. नाहीशी झाली. सहाव्या दिवशी कोणी तरी पंखवाला उड्या मारत आला, जुडी उचलली, तोंड वेडावलं आणि उड्या मारत गेला. नवव्या दिवशी आणखी एक आला, ढाल घेतलेला. त्यानंही उचलली. कशाला, विचारा. पडलेलं दिसलं म्हणून. त्यांनी उचलल्या त्या दोन्ही दिवशी ती तिथंच उभी राहिली, पुन्हा जुडी आणायला गेली नाही. एका दिवसाला एक, असं तिनं ठरवलेलं.

गेल्या रविवारी जुडी ठेवली आणि खालून शेजारीण हाका मारायला लागली, पाण्याची टाकी भरून वाहतेय म्हणून. ताई गच्चीवर जाऊन नळ बंद करून आली. घड्याळात सहा एकेचाळीस. धक्का रिकामा. जुडी नाही. वीस मिनिटं व्हायला अजून नऊ बाकी होती.

लेक मागे उभी होती. "तू पाहिलंस का कोणी होतं?" ताईनं विचारलं.

"मी आत होते गं."

"बरं."

"मामा असेल."

"असेल."

"नाही तर कोणीही असेल, आई. कोणीही उचलतं."

"हो," ताई म्हणाली. खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले. पडद्यावर म्हातारी धक्क्यावर उभी होती आणि तिच्या मागून माणसं दारात शिरत होती, निघत होती. सात मिनिटं झाल्यावर तिनं कॉम्प्युटर बंद केला. सोमवारी कामावर गेली. साडेसहाला पुन्हा जुडी ठेवली.

आता तुमच्याशी बोलायचंय. तुमच्यातले पुष्कळ जण हा खेळ खेळतात. लपवू नका, घरात विचारून बघा, निघेल कोणीतरी. त्या दारातून दिवसाला दहादा जा, नव्या तलवारी घ्या, कंपनीला शिव्या द्या किंवा देऊ नका. फक्त संध्याकाळी साडेसहाला जुन्या धक्क्यावर, लोखंडी कडीजवळ निळ्या गवताची एक जुडी पडलेली दिसेल. तुम्हाला तिचा काडीचा उपयोग नाही. ती उचलू नका. तुम्ही सगळ्यांनी हात आवरलात, तर ज्या दिवशी ती जुडी तिथून जाईल, त्या दिवशी कोणी नेली ते तिला कळेल. म्हणून सांगतोय, राहू द्या ती तिथं.