गोदावरीतलं नसलेलं बेट

आज शनिवार. लातूरला गणिताच्या चर्चासत्राला गेले होते.

सरांनी पडद्यावर नांदेडची गोदावरी दाखवली. काठ वेडावाकडा असला की प्रवाहाचं समीकरण सोडवायला संगणकात पात्राचे लहान त्रिकोण पाडावे लागतात. हे त्रिकोण माझ्या नवऱ्याने पाडले होते. उन्हाळ्यात तो गेला. सर त्याचे मार्गदर्शक. पडद्यावर त्याचं नाव कुठंच नव्हतं.

पात्रात एक बेट दिसलं. ते नदीत नाहीच, त्याच्या हातून चुकून पडलेलं. मी हसले तेव्हा म्हणाला होता, "राहू दे की, उद्या काढतो."

मी विचारलं, "सर, हे बेट कुठंय?"

"वहिनी, मी स्वतः नावेतून जाऊन मोजलंय."

मी खाली बसले. तुम्ही बोलला असता का?

घरी येऊन त्याचा लॅपटॉप उघडला आणि ते बेट काढून टाकलं.