बांध नसलेलं मैदान

ऑस्ट्रियातल्या एका फुटबॉलपटूबद्दल मी लिहावं, हे जरा जास्तच होतंय. माफ करा. त्यांचा खेळ मी पाहिलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथल्या वाचनालयात त्यांच्यावरची दोन-चार पानं वाचली, एवढीच माझी माहिती.

ते पन्नासच्या दशकातले बचावपटू. लहानपणी गल्लीत खेळायचे. दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे चेंडू बाहेर जायचाच नाही. पुढे देशाकडून खेळले आणि खेळणं थांबल्यावर पोरांना शिकवत राहिले. गोल फारसे केले नाहीत. हे वाचून मला बरं वाटलं, कारण मीही बॅकच.

गंजाडजवळच्या आमच्या पाड्यावर मैदान म्हणजे भात कापलेलं शेत. चेंडू बांधाला आपटून परत आला की खेळ चालूच.

कॉलेजच्या संघाची निवड तलासरीला होती. मला त्या संघात यायचंच होतं. खेळही बरा होत होता. तेवढ्यात माझ्या पायाला लागून चेंडू आमच्या गोलशेजारच्या रेषेकडे निघाला. सहज अडवता आला असता. पण मी निवांत उभा राहिलो. बांधाला आपटून येईलच! तिथे होती फक्त चुन्याची रेघ. समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि त्यावर गोल झाला.

सर ओरडले, "अरे, कोणाची वाट बघत होतास?"

"बांधाची, सर."

सगळे हसले. सरांनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं.

परतताना जीपमध्ये पाड्यावरचा मित्र म्हणाला, "तुझा ऑस्ट्रियावाला काय म्हणेल रे आता?"

"त्यांनाही भिंतीची सवय मोडावी लागली असेल."

"मग तूही मोड की!"

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात, बांधापासून बरंच आत, चुलीतल्या राखेची रेघ ओढली. बाबा लांबून ओरडले, "खेळा काय ते, पण माझ्या बांधाला हात लावू नका!" रेघ ओलांडली की मित्र जोरात "बाहेर!" ओरडायचा. चेंडू बाहेर नसला तरी ओरडायचा.

आमच्याकडे मोबाईलची रेंज फक्त आंब्याखाली येते. खेळ संपला की मी तिथे जाऊन उभा राहायचो. आठवडाभराने सरांचा मेसेज आला: "संघात आहेस. बॅक म्हणूनच. येताना बांध घरी ठेवून ये."