पोटातला नकाशा

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आमच्या जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात प्रत्येक कामगार आपापल्या यंत्राची पूजा स्वतः करीत असे. मी माझे लेथ, धातू कातण्याचे यंत्र, पुसले आणि हळदकुंकवाचे ताट घेऊन पुढे झालो. तेवढ्यात शॉपचे, म्हणजे आमच्या विभागाचे, मोठे साहेब आले. साहेब मराठी, पुण्याकडचे. माझ्याशी एरवी मराठीतच बोलत. त्या दिवशी हिंदीत बोलले. सर्वांना कळावे म्हणून.

"इस पागल को मशीन से दूर रखो. थाली किसी और को दो."

ताट माझ्या हातातून काढून घेतले गेले. शेजारच्या लेथवरच्या माणसाने माझ्या यंत्राला कुंकू लावले. मागून कोणी तरी म्हणाले, "भैया, पहले पेट का नक्शा तो निकालो." हशा पिकला. साहेबही हसले. मग पेढे वाटले गेले. मलाही एक मिळाला, हात लांब करून दिलेला. मी तो खाल्ला नाही.

त्या नकाशाविषयी जबलपूरच्या मराठी मंडळींत आजवर पुष्कळ सांगितले गेले आहे. ते सर्व खोटे आहे. ज्याच्या पोटात तो नकाशा होता, त्याला कोणी विचारलेच नाही.

पासष्टच्या लढाईत कारखाना दिवसरात्र चालत होता. मी पंचविशीत होतो. लेथच्या घरघरीतून दोन माणसे माझ्याविषयी बोलू लागली. ही कल्पना नव्हे. तुमचे बोलणे जसे कानांनी ऐकू येते, तसेच त्यांचे येत होते. मी शत्रूचा हेर आहे, तोफेचा नकाशा माझ्या पोटात शिवलेला आहे, असे ती म्हणत. आधी मी त्यांच्याशी भांडलो. मग पटले. पटले म्हणजे, आपले नाव आपल्याला जसे ठाऊक असते, तसे ते ठाऊक झाले. फाटकातून बाहेर पडताना प्रत्येकाची झडती होई. एका संध्याकाळी माझी झडती झाली, शिपाई "चलो" म्हणाला, आणि मी हललो नाही. पुन्हा बघा, म्हणालो. शर्ट काढला. पोट दाखवले. मागे रांग खोळंबली. मी देश वाचवत होतो. लोक हसत होते.

सासूबाई म्हणाल्या, नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या वाटेवर काही तरी ओलांडले असेल. त्यांनी उतारा काढला. शॉपमधले म्हणाले, ओव्हरटाइम चुकवण्याचे सोंग आहे. दोघाचौघांना मी खरोखरच हेर वाटलो. पुढे शिकलेली माणसे सांगू लागली की, या आजारात एका देहात दोन माणसे राहतात. ही तर सर्वांत अडाणी समजूत. मी एकच होतो. आणि भ्यालेला होतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी तोंड कोरडे पडे, मान आखडे. पण काही महिन्यांत नकाशा गेला, आवाज पुसट झाले. कामावर जाण्यास योग्य, असे डॉक्टरांनी लिहून दिले. मी परतलो, आणि पूजेचा तो दिवस आला.

त्याच संध्याकाळी माझा थोरला भाऊ आला. दादा रेल्वेत बाबू होता, आणि साहेबांना परस्पर भेटून आला होता.

"काहून हट्ट करून राहिला तू? साहेबाले सांग, लढाईत ओव्हरटाइम करून करून डोकं थकलं. देशासाठी. ऐकाले अच्छा वाटते. लेथ परत भेटते."

"आणि आजार?"

"तो घरात ठेव. लग्नाच्या पोरी आहेत आपल्याकडे."

लेथ मला हवे होते. अतिशय हवे होते. पण तेवढाच ओव्हरटाइम शॉपमधल्या सर्वांनी केला होता. त्यांच्या पोटात कोणी नकाशा शिवला नव्हता. शिवाय थकवा म्हटला की विश्रांती पुरते. उद्या हाच दादा म्हणाला असता, थकवा गेला, आता गोळ्या कशाला? आणि गोळ्या सुटल्या की ती दोन माणसे परत आली असती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार लावून घेतले. आता ते मराठीत बोलले.

"भावानं सांगितलंय ना तुम्हाला? थकवा म्हणा. विषय संपवू."

"थकवा नाही, साहेब. मला स्किझोफ्रेनिया आहे. रोज गोळ्या घेतो. काम जमतं की नाही, ते लेथवर उभं करून बघा."

"हा शब्द इथे पुन्हा काढायचा नाही."

"मग काल तुम्ही काढला, तोही काढू नका."

लेथ मिळाले नाही. मला पॅकिंगमध्ये टाकले. एकाहत्तरची लढाई मी लाकडी पेट्यांना खिळे ठोकत काढली आणि तिथूनच निवृत्त झालो. दादाने माझ्याशी बोलणे सोडले. त्याची थकव्याची गोष्ट मात्र त्याने घरोघरी पोहोचवली.

आता त्याचा मुलगा आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्या काळावर लेख लिहितो आहे. महाराजपूरहून मुद्दाम येऊन त्याने मला वाचून दाखवले: "देशसेवेच्या अतिश्रमाने मन हरपलेले आमचे काका."

"खोड ते," मी म्हणालो.

"काकाजी, चांगलंच लिहिलं आहे तुमच्याबद्दल. लोग क्या कहेंगे?"

माझे मन हरपले नाही. ते आजारी पडले, आणि गोळ्यांच्या आधाराने आजही काम करते आहे. एक आवाज अधूनमधून येतो. मी त्याला उत्तर देत नाही. मला हुतात्मा करून ज्यांना घराण्याची अब्रू राखायची आहे, त्यांनी दुसरा माणूस शोधावा.

हे लिखाण मी त्याच स्मरणिकेकडे पाठवत आहे. आजाराच्या नावासह छापावे. न छापल्यास प्रकाशनाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन, आणि पुतण्याचे वाचन संपताच उभा राहून तो शब्द सर्वांसमोर उच्चारेन. हात धरून कोणी मला खाली बसवायला येऊ नये. मी बसणार नाही.