जीप उंच केली, त्याची गोष्ट

जीप उंच करायचं ठरलं आणि आमच्या घरातले तिन्ही पुरुष एकदम तज्ज्ञ झाले. मामंजी, थोरले भाऊजी आणि आमचे हे. मला सातवा महिना लागलेला. मी माजघराच्या दारामागे बसून त्यांची वादावादी ऐकायची आणि कपाळाला हात लावायची.

कारण साधं होतं. आमच्या बेंबळीकडच्या गावातून उस्मानाबादच्या दवाखान्यात जायचं तर काळ्या रानातली गाडीवाट तुडवावी लागे. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंच वरंबा. निजाम गेला, पुढे मुंबई राज्य आलं, पण तो वरंबा कुणी हलवला नाही. मागच्या खेपेला लष्करी लिलावातली आमची जुनी जीप त्याच वरंब्यावर पोट टेकून अडकली. चाकं नुसती गरगर फिरत राहिली. थोरले भाऊजी चालवत होते. माणसं जमवून गाडी निघेपर्यंत मी वाटेतच बाळंत झाले. मुलगा होता. तो रडलाच नाही. त्यावर घरात पुढे कुणी शब्द काढला नाही, पण मला पुन्हा दिवस गेले आणि जीप अंगणात ओढली गेली.

पहिली करामत भाऊजींची. त्यांनी बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून बाभळीचे ठोकळे तासून आणले आणि जीपची बॉडी उचलून खालच्या सांगाड्यावर ते बसवले.

"बैलगाडी बाभळीवर जलम काढती, मग हिला काय धाड भरलीया?" असं त्यांचं म्हणणं.

जीप दिसायला झोकात उंच झाली. ह्यांनी खाली वाकून पाहिलं तर पोट होतं तिथंच! वर गेली ती नुसती बसायची जागा. मग मामंजींनी टूम काढली की चाकांवरच्या स्प्रिंगांना ट्रकचे जाड पाटे घाला. म्हणजे गाडी उंच झाली असती, पण इतकी ताठर, की मी वेशीतच बाळंत झाले असते.

हे सगळं मला दारामागून कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. सुनेनं मोठ्यांसमोर यायचं नाही, थोरल्या दिराशी तर बोलायचंच नाही, ही आमच्याकडची रीत. माझा संताप सासूबाईंच्या मार्फत बाहेर जायचा आणि उंबऱ्यातच विरायचा.

"आत्याबाई, ट्रकचे पाटे नको म्हणावं त्यांना," मी सासूबाईंना म्हणायची.

"गप बस गं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

अखेर ह्यांनी सोलापूरहून एक मिस्त्री आणला. तोही काही कमी नव्हता. सारखा चहा मागायचा आणि सगळ्यांवर खेकसायचा. पण ह्यांनी त्याच्या मागे उभं राहून काम नीट करून घेतलं. जीपचेच, पण जास्त बाक दिलेले नवे पाटे. उंची चार बोटं वाढवायची, त्याहून जास्त नाही, नाहीतर वळणावर गाडी कलंडते. मामंजी म्हणाले, जॅक आहे की, लागा कामाला. हे ऐकेनात. चाकं सरकू नयेत म्हणून दगडांची उटी लावली, सांगाड्याखाली सागाच्या तुळया रचल्या, मगच मिस्त्रीला खाली शिरू दिलं. ब्रेकची नळी ताणली जात होती, ती बदलून लांब घातली. टायरही मोठे चढवले. भाऊजींचे ठोकळे मात्र काढून टाकले. लाकूड वाळलं की बोल्ट ढिले पडणार, असं ह्यांनी सांगितल्यावर भाऊजी दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

मग जीप वरंब्यावरून नेऊन आणली, परत सगळे बोल्ट आवळले. मामंजी बसून आले, शेजारपाजारचे बसून आले. हसणं-खिदळणं चाललेलं. मी दारामागून पाहत होते आणि माझं डोकं सणकलं. अरे, हे सगळं कुणासाठी चाललंय?

मी पदर डोक्यावर ओढला आणि सरळ अंगणात गेले. सासूबाई "अगं, अगं" करत राहिल्या. जीपच्या कडेला धरून मी पाय उचलला. नऊवारी, त्यात एवढं पोट. पाय काही तिथवर पोचेना. दुसऱ्यांदा उचलला, तर तोल गेला आणि मी चाकाला धरून उभी राहिले.

"मागल्या खेपंला गाडी अडली," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "ह्या खेपंला मीच खाली राहिले तर?"

मामंजी आपल्या जोड्यांकडे बघत राहिले. ह्यांचा चेहरा तर असा पडला, की मला रागातही कीव आली.

भाऊजी उठले. गोठ्यात गेले आणि बाभळीचा एक ठोकळा घेऊन आले. तो त्यांनी चाकाशी ठेवला, गुडघे टेकून दोन्ही हातांनी गच्च धरला आणि रीत मोडू नये म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हालतुया का?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"न्हाय, भाऊजी," मी म्हणाले आणि त्यावर पाय देऊन चढले.

कळा आल्या त्या दिवशीही असंच चढवलं. वरंबा कधी मागे पडला ते मला कळलंसुद्धा नाही. दवाखान्याच्या दारात भाऊजी आधी उतरले, ठोकळा धरला, भिंत नव्हती म्हणून आभाळाकडे पाहत बसले. मुलगी झाली. तिनं असा गळा काढला, की बाहेर फाटकापर्यंत ऐकू गेलं.

हे धावत सांगायला गेले तेव्हा भाऊजी जीपच्या सावलीत मांडीवर ठोकळा घेऊन रडत होते. मला उतरवल्यापासून त्यांनी तो खाली ठेवला नव्हता.